प्रशिक्षण संपते, मग कौशल्याचे काय होते?

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात दोन मोठी रुग्णालये आहेत. एक महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, ज्याला सगळे 'वायसीएम' म्हणतात, आणि दुसरे डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालयाचे. २०२२ पासून इथे मेट्रोचे स्थानकही झाले आहे. मावळ, खेड, मुळशी तालुक्यांतले आणि चाकणच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या वस्त्यांतले रुग्ण इथे येतात. आम्ही याच भागात राहतो. रात्री-अपरात्री येणाऱ्या रुग्णवाहिकांचे भोंगे आमच्या सवयीचे झाले आहेत. त्यांतल्या काहींमध्ये दोन-चार दिवसांचे बाळ असते.

रुग्णालयात डॉक्टर आहेत, यंत्रे आहेत, औषधे आहेत. पण बाळ वेळेवर पोचले तरच या सगळ्याचा उपयोग. ते वेळेवर निघते की नाही, हे ठरते वीस-तीस किलोमीटर दूरच्या एखाद्या घरात. आशाताईने बाळाचे श्वास मोजले का, बरोबर मोजले का, आलेल्या आकड्याचा अर्थ तिला लागला का, यावर ते अवलंबून असते. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला तर एवढाही अवधी नसतो. पहिल्या मिनिटाच्या आत त्याला श्वास मिळायला सुरुवात झाली पाहिजे. ते काम त्या क्षणी तिथे असलेल्या सिस्टरच्याच हातांनी व्हायचे.

या ताईंना आणि सिस्टरना प्रशिक्षण दिलेले असते. किती जणींना दिले, किती दिवस दिले, चाचणीत किती गुण मिळाले, याचे अहवालही असतात. हे अहवाल आपल्याला नेमके काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याची तपासणी या लेखात करायची आहे. विषय आरोग्याचा असला तरी शिक्षकांना तो परका वाटणार नाही, असा आमचा अंदाज आहे.

शेवटचा दिवस

काही वर्षांपूर्वी पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका वर्गाचा शेवटचा दिवस आम्ही मागच्या बाकावर बसून पाहिला. सकाळी प्रश्नपत्रिका वाटली गेली. पहिल्या दिवशी जी दिली होती तीच. पहिल्या दिवशी पुष्कळ उत्तरे कोरी होती, आता जवळजवळ सगळी बरोबर आली. मग रबरी बाहुलीवर प्रात्यक्षिक झाले. प्रत्येकीने एकेकदा अंबू बॅग हातात घेतली, बाहुलीच्या तोंडावर मास्क धरला, बॅग दाबली. चुकले तिथे शिक्षिकेने हात धरून दाखवले. दुपारी प्रमाणपत्रे, एकत्र फोटो आणि जेवण. वर्ग चांगला झाला होता. शिकवणाऱ्या बाई तळमळीने शिकवत होत्या आणि शिकणाऱ्याही मन लावून शिकत होत्या. यात कुणाचा दोष दाखवायचा नाही.

काही महिन्यांनी त्यातल्याच एका सिस्टरकडे आम्ही तिच्या उपकेंद्रात गेलो. बोलता बोलता तिला म्हटले, "ते बाळाला श्वास द्यायचं पुन्हा एकदा दाखवा ना." बाहुली नव्हती, म्हणून चादरीची गुंडाळी करून बाळ केले. अंबू बॅग कपाटात होती, नव्यासारखी. सिस्टरने सगळ्या पायऱ्या न अडखळता तोंडपाठ सांगितल्या. बाळ कोरडे करायचे, ऊब द्यायची, पाठ चोळायची, मान फार वाकवायची नाही, फार ताणायची नाही, मास्क नीट बसवायचा, मिनिटाला चाळीस ते साठ वेळा दाबायचे, छाती वर येते का ते पाहायचे. सांगण्यात एकही चूक नाही. पण हात चालू झाले तेव्हा मास्कची एक कड उचललेली राहिली. बॅग दाबली की हवा बाजूने निसटत होती. तिला स्वतःलाच तो आवाज ऐकू आला. ती थांबली आणि म्हणाली, "तेव्हा जमलं होतं हो. त्यानंतर हातात घेतलीच नाही."

एका सिस्टरवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे आम्हांला मान्य आहे. आणि चादरीच्या गुंडाळीला चेहरा नसतो, त्यामुळे मास्क बसणे अवघडच होते. पण तिचे ते वाक्य डोक्यात राहिले. शेवटच्या दिवसाच्या अहवालात ती उत्तीर्ण होती, आणि तो अहवाल त्या दिवसापुरता खराही होता.

तोंडाला आठवते, हाताला नाही

विस्मरणाचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरे पाठ करून ती किती वेळाने किती विसरतात हे त्याने मोजले. सुरुवातीला विसरणे झपाट्याने होते, पुढे त्याचा वेग मंदावतो, आणि मधून मधून उजळणी केली तर शिकलेले अधिक टिकते, असे त्याला आढळले. प्रशिक्षणानंतर लगेच घेतलेली चाचणी ही या वक्ररेषेच्या अगदी सुरुवातीच्या, सर्वांत उंच बिंदूवर घेतलेली असते. डोंगरमाथ्यावर उभे राहून सगळा मुलूख एवढ्याच उंचीचा आहे असे म्हणण्यासारखे ते आहे.

पण माहिती विसरणे आणि हातचे कौशल्य जाणे या दोन गोष्टी एकसारख्या चालत नाहीत. जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळांसाठी २०१० साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने इतर संस्थांबरोबर एक सोपा अभ्यासक्रम जगभर आणला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'बाळांना श्वास घेण्यास मदत' असा आहे. नागपूर, बेळगाव आणि केनिया येथे तो शिकवून प्रशिक्षितांचे पुढे काय झाले हे पाहिले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले ते आमच्या सिस्टरच्या अनुभवाशी जुळणारे आहे. काही महिन्यांनी लेखी माहिती बऱ्यापैकी टिकली होती. बॅग आणि मास्क वापरण्याचे कौशल्य मात्र घसरले होते, आणि उजळणी घेतल्यावर ते पुन्हा वर आले.

टांझानियातल्या हायडोम या ग्रामीण रुग्णालयातला अनुभव याच्याही पुढे जातो. तिथे हाच अभ्यासक्रम एका दिवसात शिकवला. सात महिन्यांनी पाहिले तर बाहुलीवरची कामगिरी पहिल्यापेक्षा सरस राहिली होती. म्हणजे परीक्षा घेतली असती तर सगळे खूश झाले असते. पण प्रसूतिगृहात खऱ्या बाळांच्या बाबतीत वागण्यात फरक पडलेला नव्हता. पुढे त्याच रुग्णालयात प्रसूतिगृहाजवळच बाहुली ठेवली आणि कामाच्या वेळेतच थोडा थोडा, पण वारंवार सराव सुरू केला. तेव्हा पहिल्या २४ तासांत दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण घटले.

म्हणजे तपासायच्या गोष्टी तीन आहेत: माहिती आहे का, हाताला येते का, आणि वेळ आली की केले जाते का. आपले अहवाल बहुधा पहिलीचे, फार तर दुसरीचे उत्तर देतात, आणि वाचणारा ते तिसरीचे उत्तर समजतो.

पोथी समोर ठेवणे

सायकल एकदा आली की वीस वर्षांनीही येते, मग बॅग-मास्क का विसरतो, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. प्रश्न चांगला आहे. सायकल चालवणे, पोहणे, भाकरी थापणे ही सलग चालणारी कामे आहेत. चूक झाली की तोल जाऊन किंवा भाकरी फाटून ती लगेच कळते आणि हात दुरुस्त होतो. ती आपण हजारो वेळा केलेलीही असतात. याउलट ज्या कामात ठरावीक क्रमाने अनेक पायऱ्या असतात, जे क्वचित करावे लागते आणि जिथे चूक झाल्याचे लगेच कळत नाही, ते काम लवकर विसरते.

अशी कामे आपल्या घरातही असतात. गणपतीची प्रतिष्ठापना वर्षातून एकदाच होते. दरवर्षी करूनही यजमान पोथी समोर ठेवतो आणि त्याला कुणी अडाणी म्हणत नाही. सिस्टरने मात्र भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिले तर 'हिला येत नाही' असा शेरा पडतो. आणि परीक्षेच्या वेळी तो तक्ता मुद्दाम झाकला जातो. आमच्या मते ही उलटी रीत आहे. क्वचित करायच्या जीवघेण्या कामात तक्ता बघून करणे ही शिस्त मानली पाहिजे, आणि तक्ता वापरता येतो का हेच तपासले पाहिजे.

एक साधा हिशेब

कोणते कौशल्य टिकेल आणि कोणते जाईल, याचा अंदाज प्रशिक्षणाआधीच बांधता येतो. त्यासाठी गुणाकार येणे पुरेसे आहे.

सुमारे हजार लोकवस्तीमागे एक आशा, असे प्रमाण आहे. महाराष्ट्रात दर हजार लोकांमागे वर्षाला ढोबळमानाने १५ बाळे जन्मतात असे धरू. २०११ पासून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा जो राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यात दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाने सहा भेटी द्यायच्या असतात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. १५ बाळे गुणिले ६ भेटी म्हणजे वर्षाला ९० भेटी. दर भेटीत श्वास मोजले तर वर्षातून ९० वेळा, म्हणजे साधारण चार दिवसांआड एकदा सराव होतो. हे कौशल्य टिकायला हवे. ते टिकले नसेल तर भेटी होत नाहीत किंवा भेटीत श्वास मोजले जात नाहीत, असाच अर्थ निघेल. तिथे पुन्हा प्रशिक्षण देऊन उपयोग नाही, भेटी का होत नाहीत ते पाहावे लागेल.

आता सिस्टरचा हिशेब करू. एखाद्या उपकेंद्रात महिन्याला दोन बाळंतपणे होतात असे समजा, म्हणजे वर्षाला २४. शंभरातल्या साधारण तीन ते सहा बाळांना बॅग आणि मास्कने श्वास द्यावा लागतो. २४ बाळांत हे प्रमाण येते एकाच्या आसपास. म्हणजे सिस्टरला हे काम वर्षातून एकदा करावे लागते, कदाचित दोन वर्षांतून एकदा. ते केव्हा, हे आधी कुणालाच माहीत नसते. नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २००९ पासून दोन दिवसांचे जे प्रशिक्षण दिले जाऊ लागले, त्यात हे काम शिकवले जाते. शिकवणे चांगलेच आहे. पण वर्षभर हातात न घेतलेले काम वर्षअखेरीच्या एका रात्री, एका मिनिटात बिनचूक व्हावे, ही अपेक्षा आपण कोणत्या आधारावर करतो? इथे कामातून सराव मिळणारच नाही. तो मुद्दाम द्यावा लागेल.

ही दोन कौशल्ये एकाच अहवालात, एकाच टक्केवारीत मिसळली की दोन्हींबद्दल काहीच कळत नाही. आमची अहवालांवरची पहिली हरकत ही आहे.

गडचिरोली आणि जामखेड: आपण काय उचलले?

महाराष्ट्रात या विषयावर जगाने दखल घ्यावी असे काम झाले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातल्या ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देण्यापर्यंत त्यांची तयारी करून घेतली. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या निबंधानुसार तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. पुढे राष्ट्रीय कार्यक्रम आला त्याच्या मुळाशी हे काम आहे.

या निबंधाचा हवाला देताना बहुतेक जण म्हणतात, 'गावातल्या बाईला प्रशिक्षण दिले की बाळे वाचतात.' निबंध नीट वाचला तर तेवढे म्हणता येत नाही. कोणत्या गावात काम करायचे आणि कोणती गावे तुलनेसाठी ठेवायची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. शिवाय तिथे मोजले गेले ते मृत्यू. कौशल्य किती टिकले हा त्याचा मुख्य प्रश्न नव्हता. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे प्रशिक्षणाबरोबर इतरही पुष्कळ काही होते. दर पंधरवड्याला देखरेख करणारे गावात येत, नोंदी तपासत, बाळे पाहत. चूक महिनोन्‌महिने हातात मुरायला वावच नव्हता. त्यामुळे यशातला किती वाटा वर्गाचा आणि किती पंधरवड्याच्या भेटीचा, हे वेगळे करता येत नाही.

कार्यक्रम देशभर नेताना वर्गाचे दिवस मात्र नेमके मोजून उचलले गेले. आशांच्या सहाव्या व सातव्या पुस्तिकांचे प्रशिक्षण पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत, एकूण वीस दिवसांचे ठरले. फेऱ्या पाडल्या हे चांगलेच झाले, कारण मधल्या काळात काम करून शंका घेऊन परत येता येते. देखरेखीसाठी वीसेक आशांमागे एक गटप्रवर्तक ताईही आहेत. पण आम्ही ज्या गटप्रवर्तकांशी बोललो त्यांचा दिवस तक्ते भरण्यात आणि बैठकांत जातो. बाळाजवळ आशाच्या शेजारी बसून दोघींनी श्वास मोजायचे आणि आकडे जुळतात का पाहायचे, हे काम राहून जाते. ते कुठल्याच तक्त्यात विचारले जात नाही.

जामखेडची गोष्ट याहून जुनी आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात १९७० साली काम सुरू केले. त्यांच्या ग्राम आरोग्य सेविकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. या बाया एकदा शिकून घरी गेल्या असे झाले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत राहिल्या, आपापल्या गावातले रुग्ण सांगत राहिल्या, एकमेकींकडून शिकत राहिल्या. तिथे प्रशिक्षणाला शेवटचा दिवसच नव्हता. जामखेडचे यश आरोळे दांपत्याच्या व्यक्तिमत्त्वाचे होते, असे म्हणून आपण सुटका करून घेतो. व्यक्तिमत्त्वाची नक्कल करता येत नाही हे खरे. पण आठवड्याच्या बैठकीची करता येते.

गडचिरोलीची आणखी एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. मोठ्या आकड्यांपर्यंत मोजता न येणाऱ्या सुइणींना न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून बंग दांपत्याने एक साधे श्वासमापक तयार केले. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली की बाळ धोक्यात. इथे स्मरणाचे ओझेच कमी केले आहे. माणसाच्या डोक्यात आणखी भरण्याऐवजी साधन असे करायचे की विसरले तरी चूक होऊ नये.

पाझरत जाणारे शिक्षण

दुसरी हरकत साखळीवर आहे. राज्याचे प्रशिक्षक जिल्ह्याच्या प्रशिक्षकांना शिकवतात, ते तालुक्याच्या, आणि ते प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना. समजा, प्रत्येक पायरीवर शंभरातले ८० पुढे पोचते. तीन पायऱ्यांनंतर ०.८ × ०.८ × ०.८ म्हणजे ०.५१. निम्मेच उरले. हा ८० चा आकडा आम्ही उदाहरणासाठी घेतला आहे. पण या उदाहरणातही शेवटच्या बाईला निम्मे आले ते तिच्या बुद्धीमुळे नव्हे, हे लक्षात घ्यायला हवे. अहवाल मात्र तिचेच गुण मोजतो. वरच्या पायऱ्यांची चाचणी क्वचितच होते.

हे वाचताना शिक्षकांना आपले दिवस आठवले असतील. १९९० च्या दशकातले 'स्मार्ट पी. टी.' असो की २०१९ साली आलेले 'निष्ठा', वर्ग झाले, उपस्थिती लागली, पूर्वचाचणी-उत्तरचाचणी झाली. वर्षभराने आपल्या वर्गात येऊन 'तेव्हा शिकलात ते कसे चालले आहे, दाखवा' असे किती वेळा कुणी प्रेमाने विचारले? तपासणीला येणे निराळे आणि शेजारी बसून पाहणे निराळे. आशाताईच्या बाबतीत आपण जे मागतो आहोत तेच आपल्यालाही हवे होते.

आमचे मागणे

आमच्या मागण्या लहान आहेत. पहिली, शेवटच्या दिवसाचे गुण लिहावेत, पण त्यांच्या शेजारी सहा महिन्यांनंतरच्या गुणांसाठी एक कोरा रकाना ठेवावा आणि तो भरावा. त्या वेळी जी हजर नाही, काम सोडून गेली, तिचीही नोंद ठेवावी. नाहीतर उरलेल्या चांगल्यांचीच सरासरी निघते. दुसरी, जी कामे रोज घडतात आणि जी क्वचित घडतात त्यांच्या याद्या वेगळ्या कराव्यात. क्वचित घडणाऱ्यांसाठी उपकेंद्रात बाहुली आणि तक्ता असावा, आणि आठवड्याला पाच मिनिटे सराव व्हावा. बॅग कपाटात नव्यासारखी असणे ही काळजीची बाब समजावी. तिसरी, सहा महिन्यांनी गुण कमी आले तर बाईला बोल लावू नये. घसरण होणे हा मनुष्यस्वभाव आहे. ती होणार हे माहीत असून उजळणीची सोय न करणे ही व्यवस्थेची चूक आहे.

वर्गात करून पाहण्याजोगे एक काम सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांना जोड्या करून द्या. एकाने शांत बसायचे, दुसऱ्याने घड्याळ लावून त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. मग पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचे. दोन्ही आकडे ताडून पाहा. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो, मधे थांबतो, मग भराभर चालतो. त्यामुळे त्याच्या बाबतीत पूर्ण मिनिट मोजावे लागते, आणि आकडा साठ किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा एकदा मोजतात. हे मुलांना आता सांगा. महिनाभर या विषयावर काही बोलू नका. मग एके दिवशी अचानक विचारा: किती वेळ मोजायचे, आणि का? नंतर मोजायलाही लावा. कोणाला सांगता आले, कोणाला करता आले, याची दोन वेगळ्या रकान्यांत नोंद करा.

त्या सिस्टरकडे पुढे आम्ही पुन्हा गेलो तेव्हा तिने मास्कसाठी नातवंडाची जुनी बाहुली आणून ठेवली होती. अंबू बॅग टेबलावर होती आणि तिच्यावर हात लागल्याच्या खुणा दिसत होत्या.